पाणक्या

कडोलीहून शहरात दूध घालायचा बाप,
दोन्ही अंगाला किटल्या, दांडीवर मी.
चढ आला की म्हणायचा, "उतर रे भरमा, ढकल जरा."
माझी पहिली शर्यत ती :
माणसाला मागून रेटायचं
आणि दूध सांडू द्यायचं नाही.

मग विजापूरचं हॉस्टेल. मास्तर हुनगुंदचे,
शिट्टी तोंडात, शिव्या कन्नडात.
सोलापूरच्या रस्त्यावर एकामागं एक बारा पोरं,
पुढच्याच्या चाकापासून वीतभर,
आणि पुढच्यानं ओरडायचं : गुंडी!
पहिल्या दिवशी मी शर्टाकडं बघितलं
आणि थेट खड्ड्यात गेलो.
हनुवटीवर चार टाके आहेत अजून,
दोन भाषांच्या मधे.

पुढं टीम. करार. पगार रिंगिटमध्ये.
जर्सीवर एका टायर कंपनीचं नाव,
जे मला शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही.
आई फोनवर, "सायकल मारल्याचे पैसे देऊलालेत व्हय?
आणि तू काय करतोस तिथं?"
पाणी वाहतो, म्हणालो.
ती गप्प झाली.
लग्नघरातल्या पाणक्याचं काम,
तेवढ्यासाठी समुद्र ओलांडला पोरानं?

कसं सांगू.
गाडीपर्यंत मागं यायचं, बाटल्या घ्यायच्या,
तीन पाठीच्या खिशांत, चार गळ्यातून जर्सीत,
छातीशी बर्फ, मांड्यांत इंगळ,
आणि दीडशे चाकांतून वाट काढत पुन्हा पुढं,
ज्याला जिंकायचंय त्याच्यापर्यंत.
मग त्याच्यापुढं होऊन वारा खायचा.
तो माझ्या पाठीआड,
घोंगड्याच्या खोळीत बसावं तसा.
नऊ वर्षांत त्याचा चेहरा फार पाहिला नाही मी.
श्वास मात्र अंधारातही ओळखेन.

एकदाच.
चौथा टप्पा, चहाच्या मळ्यांतला चढ.
सुटलो. वळून बघितलं तर मागं कुणी नाही.
दोन्हीकडं लाल माती, हुबेहूब जांबोटीची.
वारा तोच,
पण पहिल्यांदाच स्वतःसाठी खाल्लेला.
अकरा मिनिटं.
मग कानातल्या वायरीत आवाज :
थांब. त्याचं चाक गेलंय, गाडी मागं अडकलीय.

थांबलो.
चाक काढून, हातात धरून कडेला उभा,
बांधावर भाकरी घेऊन वाट बघणाऱ्या बाईसारखा.
तो आला. चाक घेतलं. गेला. जिंकला.
मी एकशे बारावा.
राग नाही आला? विचारतात लोक.
आला की.
पण त्याचं चाक बसवताना माझा हात थरथरला नाही,
त्याचा राग जास्त आहे, अजून.

आता टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटवर.
खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी.
गुडघा जिन्यावर कुरकुरतो, चढावर मात्र गप्प.
मिरजेची गाडी यायची झाली की गेट पाडतो,
आणि सगळा रस्ता माझ्या पुढ्यात साचतो,
रिक्षा, रताळ्यांचा टेम्पो, हॉर्न, आयमाय.
आता थांब म्हणणारा मी.

त्या गर्दीत एक शाळेची पोरगी,
गेटला चाक टेकवून, एक पाय पेडलवर,
घोटा ताठ, सुटायच्या बेतात.
सीट दोन बोटं वर कर, म्हणालो एकदा.
तिनं असं बघितलं, की हा कोण गेटवाला.
दुसऱ्या दिवशी सीट वर होती.

आज विचारती झाली,
"काका, तुम्ही कधी जिंकलासा काय?"
तेवढ्यात गाडी आली. डबे मोजायची सवय आहे मला,
आज मोजले नाहीत.
गेट उचललं.
सगळ्यांच्या आधी ती सुटली,
आणि रुळांपलीकडं उखडलेलं डांबर दिसून
माझ्या तोंडून निघालं : गुंडी!

तिनं शर्टाकडं बघितलं नाही.
हँडल जरासं डावीकडं,
आणि गेली.